होड्या बघण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी तांडेल शिडाच्या दोन होड्या जिन्याने वर घेऊन आला आणि त्या आमच्या सोफ्यावर बसल्या. त्यांच्यासाठी हॉल लांब झाला. टीव्ही पार क्षितिजाशी गेला. वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पोहे आणले. निवृत्तीनंतर समुद्रावर हिंडायचं आमचं ठरलं होतं आणि ही पहिलीच होडी, तेव्हा सगळं रीतसर करायचं होतं.

रीत तांडेलने सांगितली. असली स्थळं तोच जमवतो. दोघींतली एक पसंत करायची. नापसंत होडी माघारी नेत नाहीत, जागेवरच फोडतात, कारण नाकारलेली होडी पुढच्या घरी गेली की घर बुडवते. काखेतली कुऱ्हाड त्याने टॉवेलसकट टीपॉयवर ठेवली आणि पोह्यांची बशी उचलली.

पहिली होडी पांढरी, सडपातळ. कमरेला निळी रेघ, शीड कडक इस्त्रीचं. तिने पोह्यांना हात लावला नाही. दुसरी बसकी, तपकिरी, डांबराच्या वासाची. तिने दोनदा मागून घेतले.

प्रश्न वृंदाने विचारले. वारा पडला तर काय करतेस? पांढरी म्हणाली, थांबते. तपकिरी म्हणाली, वल्ह्यांवर चालते, शिवाय आठवड्याचं पाणी पोटात मावतं. लग्न ठरताना वृंदाच्या आईने मला विचारलं होतं, नोकरी सुटली तर काय कराल? मीही थांबेन म्हणालो होतो. तेव्हा केस दाट होते, निभावलं.

मला पांढरी आवडली होती. तिलाही ते कळलं असावं; तिचं शीड माझ्या बाजूला किंचित फुगलं. पण वृंदा माझ्याकडे बघत होती.

“रूप काय चाटायचंय?” मी म्हणालो. “उपयोगाचं बघावं माणसाने.”

तांडेलने कुऱ्हाडीवरचा टॉवेल सोडला. “वहिनी, शोकेसवर चादर टाका. तुकडे उडतात.”

वृंदाने चादर टाकली. पहिला घाव निळ्या रेघेवर बसला. होडी ओरडली नाही. माझ्याकडे बघून नुसतं “अहो” म्हणाली. मग तिच्यातून कोमट खारं पाणी आलं, त्यामागून लाल, आणि सोफ्याच्या कव्हरवर पसरलं. डोलकाठी मोडताना हाडासारखी वाजली. तांडेल मन लावून फोडत होता. शीडसुद्धा त्याने सोडलं नाही. एक ढलपी माझ्या गालातून आत घुसून दाताला लागली.

फोडून झालं तसा हॉल आखडू लागला. एकच होडी राहिली होती, त्या मापाला भिंती थांबायला हव्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. टीव्ही माझ्या पाठीला टेकला. लाल पाणी घोट्यापर्यंत चढलं.

ढलपी उपसत मी तांडेलला विचारलं, झालं ना आता?

“अर्धं झालं,” तो म्हणाला. “आता हिची पसंती. हिच्यात बसायला जागा एकच आहे.”

मी म्हणालो, हे आधी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, आधी कुणी विचारत नाही. मग कुऱ्हाडीचं पातं पडद्याला पुसत त्याने धीर दिल्यासारखं सांगितलं, “हिलाही रूपाचं काही नाही, साहेब. अगदी तुमच्याच विचारांची आहे.”

होडीने आधी वृंदाला विचारलं. पोहता येतं का, गाठ मारता येते का, लाटेवर उलटी होते का. वृंदाने धडाधड उत्तरं दिली आणि देता देता होडीचा सुटलेला दोर बांधूनही टाकला.

मग होडी माझ्याकडे वळली.

“वारा पडला तर काय करता?”

मी केसांवरून हात फिरवला. गालातलं रक्त मनगटावरून बाहीत उतरत होतं. वृंदा काहीतरी बोलेल म्हणून तिच्याकडे पाहिलं.

ती शोकेसवरची चादर ओढून नीट करत होती. कडेला एक कप उघडा राहिला होता, तोही तिने झाकला.