शिक्का आपल्याच गावचा

लष्करी धुलाईखान्यात तिचं काम एकच होतं: कपडे हौदात पडायच्या आधी त्यांचे खिसे उलटे करायचे. म्हणून सगळे तिला खिसेवालीच म्हणत. आघाडीवरून गाठोडी येत. सोडली की असा भपकारा सुटे, की पहिल्या आठवड्यात तिनं जेवणाचा डबा उघडलाच नव्हता. वाळलेलं रक्त, घाण, शिवणीशिवणीत उवा. अंगातले कपडे कुणी हौसेनं काढून दिलेले नव्हते, हे त्यांच्यावरची भोकंच सांगत. मुकादम मात्र त्याला ‘माल’ म्हणे आणि नाकाला अत्तराचा रुमाल लावून दाराशी उभा राही. खिशात कागद निघाला तर सरळ भट्टीत, हा त्याचा हुकूम. मेलेल्यांच्या गप्पा वाचायला सवड आहे कुणाला, असं वर हसून म्हणे. जिभेला हाड म्हणून नव्हतं मेल्याच्या.

खिसेवालीला हे पटेना. लिहून झालेली, पण टाकायची राहिलेली पत्रं ती गुपचूप कमरेला खोचायची आणि घरी जाताना नाक्यावरच्या पेटीत टाकायची. सैनिकाच्या पत्राला तिकीट लागत नसे, तेवढंच काय ते सरकारचं औदार्य. पत्ते ती वाचत नसे. एखादं ओळखीचं नाव निघालं तर, ही धास्ती. आईला लेकाचं शेवटचं अक्षर मिळावं, बस्स, याच्यापुढे तिनं विचार केला नव्हता. इथेच ती फसली.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. बेकरीवालीचा एकुलता एक मुलगा लढाईत गेल्याची तार मागेच आली होती आणि तेव्हापासून बाईनं अंथरूण धरलं होतं. एका सकाळी पाहावं तर ती केस विंचरून दुकानात उभी, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पत्र दाखवतेय. पत्रात विशेष काही नव्हतं. पाय सुजलेत, मोजे पाठव, बाबांना पिठाची पोती एकट्यानं उचलू देऊ नकोस. पण बाईचं बोट पाकिटावरच्या शिक्क्यावर होतं. आघाडीवरच्या पत्रावर लष्करी टपालाचा शिक्का असतो. याच्यावर नाक्यावरच्या टपाल कचेरीचा होता.

“इथेच आहे तो,” ती म्हणाली. “मेलेली माणसं पेटीत पत्रं टाकत नाहीत.”

पाकिटाचा चुरगळलेला कोपरा खिसेवालीनं ओळखला: छातीशी भोक पडलेल्या सदऱ्याच्या खिशातून तिनंच ते काढलं होतं. पाव न घेताच ती परत फिरली.

त्या दिवसापासून बेकरीवाली इस्पितळं पालथी घालू लागली. खाटेखाटेशी जाऊन ती पट्ट्या बांधलेले चेहरे न्याहाळायची. बिचारीला चार दिवस सुखाचे मिळतायत तर मिळोत, असं खिसेवाली स्वतःला समजावत राहिली. खरं कारण वेगळं होतं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती. त्या गाठोड्यांची येत नव्हती एवढी किळस तिला आता स्वतःची येऊ लागली.

मग हा बोभाटा लष्करी पोलिसांच्या कानावर गेला. मेलेला परत आला म्हणून ते थोडेच पेढे वाटणार! घरच्यांनी पळपुटा दडवलाय म्हणून त्यांनी बेकरी उपसून काढली, पोत्यांत संगिनी खुपसल्या आणि बेकरीवाल्याला धरून नेलं. पोरगा हजर करा, मग म्हातारा सोडतो, म्हणाले. मातीत गेलेला पोरगा हजर करायचा कुठून, हे एकट्या खिसेवालीला ठाऊक होतं.

ती बेकरीत गेली तेव्हा बेकरीवाली सांडलेलं पीठ सुपात भरत होती. चेहऱ्यावर चक्क आनंद.

“बघ, तेही शोधतायत त्याला,” ती म्हणाली. “म्हणजे आहेच.”

आता मात्र खिसेवालीला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं: गाठोडी, खिसे, भट्टी, पेटी. उद्या सकाळीच चौकीवर जाऊन कबूल करते, म्हणजे बेकरीवाल्या भाऊंना सोडतील, असंही म्हणाली.  बेकरीवालीनं हातातलं सूप तेवढं खाली ठेवलं.

“सदरा होता का अंगातला?” तिनं विचारलं.

“होता.”

“मग तो तरी दे मला.”

“नाही ना वहिनी. धुऊन, ठिगळ लावून कधीच गेला तो. नव्या भरतीच्या पोरांना तेच कपडे देतात.”

 बेकरीवाली रडेल, अंगावर धावून येईल, थुंकेल, या सगळ्याची खिसेवालीनं तयारी ठेवली होती.

“परत आला तुमच्याकडे, तर ठिगळावरून ओळखशील ना?” बेकरीवाली म्हणाली. “मला आणून दे.”

सदरा परत येणार म्हणजे कसा येणार, हे दोघींनाही कळत होतं.  उद्याच्या कबुलीनंतर धुलाईखान्याच्या दारात खिसेवालीला कुणी उभंही करणार नव्हतं. तरी ती हो म्हणाली.