घरात साखर नव्हती

सूर्यभानची शुगर वाढल्याचं कळलं तेव्हापासून त्याची बायको पुष्पावती धास्तावलेली होती. भिंगारला त्यांच्याच गल्लीतल्या एकाचा पाय शुगरपायी कापावा लागला होता.

नगरच्या आहारतज्ज्ञ स्नेहलमॅडमनी तिला समजावलं, "काकू, सगळं एकदम बदलू नका. आधी सकाळच्या पाव-खारीऐवजी ज्वारीची भाकरी द्या. गव्हाचं पीठ चाळू नका, कोंडा राहू द्या. ते अंगवळणी पडलं की पुढचं बघू."

पण पुष्पावतीला तेवढा धीर कुठला? भात, पाव, बिस्किटं तिनं एका दिवसात बंद केली. साखरेचा डबा शेजारच्या ज्योतीला देऊन टाकला. सूर्यभान अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायला लागला. शुगरच्या गोळ्या मात्र पहिल्याइतक्याच चालू होत्या.

एका दुपारी तो कॉटवर बसल्या बसल्या थरथरू लागला. सदरा घामानं चिंब झाला.

"आवं, काय हुतंय?"

त्यानं तिच्याकडं परक्यासारखं पाहिलं. "ड्युटीची गाडी आली का?" त्याला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती.

पुष्पावतीनं मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

"गिळता येतंय ना त्यांना? मग लगेच साखरेचं पाणी पाजा."

"साखर? आन् शुगर तर वाढलीय की त्यांची..."

"शुगर एकदम खाली गेलीय, काकू. आत्ता साखरच."

"घरात न्हाई. भाकरी चारू का?"

"नको. भाकरी सावकाश पचते, आत्ता तेवढा वेळ नाही. पळा!"

ती अनवाणीच धावली. ज्योतीचं दार आतून बंद होतं. पुष्पावतीनं दोन्ही हातांनी दार बडवलं. ज्योती डबा घेऊनच तिच्यामागं पळत आली.

पेला त्याच्या ओठांना लावताना पुष्पावतीला वाटलं, आपल्याच हातानं विष तर पाजत नाही ना? तो घोट घोट प्यायला. बऱ्याच वेळानं त्याची नजर तिच्यावर ठरली.

"रडतीस का गं?"

संध्याकाळी डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मॅडम म्हणाल्या, "भाकरी चांगलीच आहे, काकू. पण पोटभर द्या, उपाशी ठेवू नका."

आता तो भाकरी पोटभर खातो, शुगरही आटोक्यात आहे. पण बाहेर तो जरा वेळ गप्प बसला, की पुष्पावती चुलीपासून हाक मारते. त्याची ओ येईपर्यंत तिच्या हातातली भाकरी थापायची थांबते.