मोटारीच्या नाकातल्या अक्षता

संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही जाऊन मध्य प्रदेश झाला. पण गजाननच्या माथ्यावरचा चोरीचा डाग काही गेला नाही. दहा वर्षांपूर्वी सरदार प्रतापरावांनी आपल्या या ड्रायव्हरला अख्ख्या छत्रीबाग मोहल्ल्यासमोर पेट्रोलचोर म्हणून हाकललं होतं. तेव्हापासून त्याच्या बायकोला, आनंदीबाईला, गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. गजाननने शहराबाहेर बेटम्याच्या रस्त्यावर मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मनातला विस्तव राखेखाली जपला.

आज सरदारांची तीच मोटार काळा धूर ओकत त्याच्या दारात आली. शहरातले सगळे मिस्त्री हरले, तेव्हा कुठे सरदारांना हे दार आठवलं. गजाननला मनापासून बरं वाटलं.

"हा शामपण चोरच निघाला," मागच्या सीटवरून प्रतापराव म्हणाले. "तुझ्यानंतरचा तिसरा. टाकीत पेट्रोल टिकतच नाही." स्टिअरिंगवरचा शाम मान खाली घालून बसला होता.

गजाननने प्लग काढून पाहिला. काजळीने काळाकुट्ट.

"तू चोर नाहीस भिया," तो शामला म्हणाला. "हिला हवाच मिळत नाहीये. पेट्रोल पूरा जळत नाही, सगळं धुएँ में जातं."

त्याने हवा गाळायच्या जाळीचं झाकण उघडलं. आत झेंडूच्या पाकळ्या, कुंकू आणि तांदूळ तेलात भिजून घट्ट बसले होते. दर खंडेनवमीला प्रतापराव तलवारीबरोबर मोटारही पुजत आणि स्वतःच्या हाताने तिच्या हवा ओढणाऱ्या नाकात मूठभर फुलं-अक्षता घालत. 'माझ्या पूजेला कुणी हात लावायचा नाही,' हा त्यांचा हुकूम. त्यापायी एकाही ड्रायव्हरने किंवा मिस्त्रीने ते झाकण कधी उघडलं नव्हतं.

गजाननने तो चिकट गोळा सरदारांच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा चोर."

प्रतापरावांचा चेहरा उतरला. "बरं, बरं. जाळी धुऊन टाक. झालं गेलं गंगेला मिळालं."

"आनंदी, बाहेर ये!" गजाननने दुकानात डबा घेऊन आलेल्या बायकोला हाक मारली. "सरकार, हिला सांगा, तुझा नवरा चोर नव्हता. मग दसऱ्याला छत्रीबागेत सबके सामने सांगा."

"मी? ड्रायव्हरच्या बायकोसमोर?" प्रतापराव कडाडले.

गजाननने गोळा परत घेतला, होता तिथे दाबून बसवला आणि झाकण आवळलं. "मग मी पूजेला हात कसा लावू? तुमचाच हुकूम."

शामने किल्ली काढली, सरदारांच्या मांडीवर ठेवली आणि उतरून गजाननच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सरदारांना मोटार चालवता येत नव्हती. समोरच्या चहाच्या दुकानातली माणसं कप हातात घेऊन बाहेर आली.

आनंदीबाईने आतून स्टूल आणलं, पदराने पुसलं आणि मोटारीच्या दाराशी ठेवलं.

"बसा सरकार," ती म्हणाली. "दसऱ्याला अजून चार महिने आहेत."