तुटक्या टेपची धास्ती

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. माझा पहिला आकडा बारा आहे. शून्य ते बारा मीटरचा माझा तुकडा जमिनीच्या पोटात राहिला आहे. मी मोजणीची जुनी टेप आहे, मेणकापडाची, गोल चामडी डब्यात गुंडाळलेली.

नवी असताना मी पुरती तीस मीटर होते. कारखान्यातून निघाले ती थेट राजूरकडच्या एका कोळसा खदानीत आले. तिथे रामराव सर्वेच्या साहेबांचे मदतनीस होते. माझं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं साहेबांच्या. खाली मिट्ट काळोख असे. छतातून पाणी ठिबके, लाकडी टेकू करकरत, आणि प्रत्येक करकरीला रामरावांची मूठ माझ्यावर घट्ट होई. साहेब म्हणत, "रामराव, तुमची टेप कधी खोटं बोलत नाही." ते कौतुक माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं.

पण एकदा बोगदा ठरल्या रेघेच्या पुढे गेला. वरच्या वस्तीच्या खाली. आम्ही मोजलं, चाळीस मीटर पुढे. कागदावर मात्र जुनीच रेघ राहिली. "हे बाहेर बोलायचं नाही," असं साहेबांनी बजावलं. रामरावांना नोकरीची भीती होती. ते गप्प राहिले. खदान बंद पडली, पाण्याने भरली, आणि मी त्यांच्या लोखंडी पेटीत गेले. त्याच वस्तीत त्यांचं घर होतं. पेटीत पडल्या पडल्या मला एकच भीती वाटे. खाली पोकळ आहे हे मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

मला पुन्हा उजेडात आणलं त्यांच्या नातीने, निशिगंधाने. ती यंदा बारावी झाली. घरात रोज प्रवेशाचीच चर्चा. तिची आई बेबीताई म्हणे, "वणीले फार्मसी कर. सांजच्याले घरी येशीन." निशिगंधाला मात्र भूविज्ञानाची ओढ होती. तिने फोनवर एक पदवी शोधून ठेवली होती, पृथ्वी आणि सागर विज्ञान. कॉलेज पार किनाऱ्यावर.

"समुद्राचं आपल्याले काय करा लागते?" बेबीताईने विचारलं.

"आई, वणीचा चुन्याचा दगड समुद्राच्याच तळाशी बनला. जमीन समजाची असन त समुद्र बी समजा लागते."

"बोटीवर नेतीन तुले. बुडाली त?"

निशिगंधाने फोन बाजूला ठेवला. पोहता तिला येत नव्हतं.

जूनच्या शेवटी घरासमोर, रस्त्याच्या त्या बाजूला भेग पडली, शेजारीण नंदाबाईच्या ओसरीपासून निंबाच्या झाडापर्यंत. निशिगंधाने दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी मला ताणून अंतर वहीत लिहू लागली. पहिल्या दिवशी चार सेंटिमीटरची भेग सहाव्या दिवशी नऊची झाली. निंबाजवळ मुठीएवढं भोकही पडलं. तिने माझ्या कडीला दगड बांधला आणि मला आत सोडलं.

मित्रांनो, मी खदानीत आयुष्य घालवलं, पण अशी घाबरले नव्हते. खालून उबट, कुजका वास येत होता. पाच मीटर, दहा, पंधरा. दगड कुठेच टेकेना. एकोणीस मीटरवर तिने मला थांबवलं. दगड तिथेच अधांतरी लोंबत राहिला.

तिने मला वर ओढलं आणि नंदाबाईकडे धावली. "काकू, घर खाली करा. आजच."

नंदाबाई चूल फुंकत होती. एकटी बाई, दोन शेळ्या, एवढाच तिचा संसार. ती हसली. "बाप्पा! कालेजात जायच्या आधीच साहेबीन झाली का वो?"

तेव्हा रामराव दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नंदा, पोरगी खरं सांगून राह्यली. खाली खदान हाय. म्या सोता मोजली होती."

नंदाबाई उठली. फुंकणी हातात धरूनच ती त्यांच्यासमोर आली.

"इतके साल तुमी रोज माह्या ओसरीत बसून चहा पेले, रामराव. एकडाव बी बोलले नाई?"

"भेव वाटे," ते म्हणाले. "पह्यले नोकरीचं. मंग तुमचं साऱ्याइचं."

तिने फुंकणी चुलीपाशी ठेवली. शेळ्या सोडल्या, एक गाठोडं बांधलं आणि बाहेर पडली. निशिगंधाने मला ओसरीजवळच्या खुंटीपासून निंबापर्यंत ताणून बांधलं, म्हणजे लांबूनही हालचाल दिसेल. मग सगळे रस्ता ओलांडून रामरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी एकटीच तिथे होते.

दुपारी चारच्या सुमाराला मला पहिला हिसका बसला. दोर ताणावा तशी मी ताणले गेले. ओरडावंसं वाटलं. कापड उसवत गेलं, आतली तार तुटली, आणि नंदाबाईची ओसरी, चूल, अर्धं घर आवाज करत खाली गेलं. बारा मीटर मी त्यांच्याबरोबर गेले. उरलेली निंबाला लोंबत राहिले. माणूस मात्र एकही गेलं नाही.

त्या संध्याकाळी बेबीताईने मुलीचा हात धरला. "आता त तुले मुळीच नाई पाठवत. जमिनीचं नावच नको."

"आई, मले बी लय भेव लागते," निशिगंधा रडत म्हणाली. "पण फार्मसी करून काय हे भेव जाईन? खाली काय हाय ते कोनाले तरी वाचता आलं पायजे ना."

अर्ज भरायची मुदत दोन दिवसांवर होती. बेबीताई चुलीकडे वळली. बोलली ती नंदाबाई, जी आता त्यांच्याच घरी राहायला आली होती.

"बेबी, जाऊ दे तिले. तिनं मोजलं नसतं त मले आज कोन शोधलं असतं?"

दुसऱ्या दिवशी बेबीताई स्वतः मुलीला घेऊन वणीच्या नेट कॅफेत किनाऱ्यावरच्या कॉलेजचा अर्ज भरायला गेली. त्याच दिवशी रामराव तहसीलमध्ये गेले. आठवणीतून काढलेला बोगद्याचा नकाशा त्यांनी तिथे दिला आणि खाली आपली सही केली. सहीच्या वर त्यांनी चाळीस मीटरचा खरा आकडाही लिहिला.

निशिगंधाला प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात रामरावांना तिचा फोन आला. "आबाजी, समुद्र पाह्यला. मी लांबच उभी राह्यली. पण सर म्हणाले, उद्या त्याची खोली मोजाची हाय."

मित्रांनो, मला सांभाळून ठेवा असं मी सांगणार नाही. जुन्या टेपा तुटतातच. पण जे मोजाल ते पेटीत ठेवू नका. गप्प राहिलेला आकडा फार वर्षं जिवंत असतो.

भेग आता इतर घरांकडे सरकते आहे. सरकारी माणसं एकदा पाहून गेली, पुन्हा येणार म्हणाली. रामराव रोज सकाळी मला ताणतात, बारा वजा करतात आणि आकडा गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडून सांगतात. आजचा आकडा कालच्यापेक्षा एका सेंटिमीटरने जास्त निघाला. त्यांनी तो दोनदा ओरडून सांगितला. समोरच्या घराचं दार उघडलं, आणि दोघा जणांनी एक खाट बाहेर काढली.