गोम्बोचा हात

गोम्बोचं पत्र आलं त्याला सहा वर्षं झाली. उत्तर मी दिलं नाही. पत्र चार ओळींचंच होतं, मला तर ते पाठ आहे.

‘गुरुजी, बरे असाल. धाकटी मावशी सांगते, आई पांढऱ्या महिन्याच्या पंधरा दिवस आधी जन्मली. मग तिचं वर्ष कोणतं धरायचं? मी ट्रक चालवणारा माणूस, मला यातलं कळत नाही. सवडीने कळवा.’

त्याची आई डुलमा वारली तेव्हा सरकारने मठ बंद केले होते. मी अर्वैहेरच्या वाचनालयात कारकून होतो. माझ्या काकांनी पिठाच्या पोत्यात दडवलेल्या पोथीवरून मला तिबेटी अक्षरं शिकवली होती, आणि हे गावात सर्वांना माहीत होतं. कुणी गेलं की लोक मागच्या दाराने येत. मी पोथी काढून मृताच्या जन्मवर्षावरून सांगे, की प्रेत कोणत्या दिवशी न्यायचं, कोणत्या दिशेला, आणि कोणत्या वर्षाच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही.

डुलमाच्या कागदावर जानेवारी १९१८ होतं. मी तक्ता पाहिला आणि बारा प्राण्यांच्या चक्रातलं घोड्याचं वर्ष सांगितलं. आमचं वर्ष पांढऱ्या महिन्यात, फेब्रुवारीत बदलतं. त्याआधी जन्मलेला माणूस मागच्या वर्षाचा, म्हणजे सापाचा. कुठल्याही निरक्षर म्हातारीने आधी हेच विचारलं असतं. पण तंबूत बायका रडत होत्या आणि त्यांना काही विचारायचा मला संकोच वाटला.

घोड्याला उंदीर वर्ज्य. गोम्बो उंदराच्या वर्षाचा. दार्खानहून दोन दिवस ट्रक हाकत तो आला होता.

“मग मी बाहेर थांबतो,” एवढंच तो म्हणाला. शेजारच्या मेंढपाळाने आत जाऊन डुलमाचे हात सरळ केले.

पत्र वाचलं त्याच क्षणी मला चूक कळली. खरं सांगावं तर त्याचं दुःख नव्याने उकरल्यासारखं होईल, असं मी स्वतःला समजावलं. काका म्हणत, चुकीची कबुली ऐकायला समोर माणूस लागतो. मनातल्या मनात दिलेली कबुली बुद्धही धरत नाहीत. मी सहा वर्षं मनातल्या मनातच देत राहिलो.

गेल्या सोमवारी गोम्बोची भाची ओद्वाल आली. दार्खानहून ती आदल्याच दिवशी परतली होती. दूध घातलेला खारा चहा तिने हातात घेतला, पण प्यायली नाही.

“गुरुजी, एखाद्याचा हात जन्मभर वाईट असतो, असं असतं का हो पोथीत?”

“कुणी सांगितलं?”

“मामी इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. ती हात पुढं करते आणि मामा दारात टोपी चुरगाळत उभा. म्हणतो, माझा हात आपल्या माणसाला चालत नाही, आईच्या वेळी गुरुजींनी पाहून सांगितलंय. मामी रडते हो.”

माझी बायको त्सेवेल चुलीपाशी होती. तिला पत्राचं सगळं ठाऊक होतं.

“लिहा आता,” ती म्हणाली. “का मी लिहू? मला अक्षर नाही चांगलं, पण चूक कबूल करायला पुरेल.”

मी तीन पानं लिहिली. त्यांतलं दीड पान पंचांगाबद्दल होतं. ते फाडलं आणि पुन्हा लिहिलं.

टपाल कचेरीत रांग होती. खिडकीतल्या हान्दने पाकीट उलटसुलट पाहिलं.

“दार्खान? दहा दिवस लागतील, गुरुजी. घाई असेल तर तार करा. दुपारी पोचेल.”

“तार… बरं. फॉर्म द्या.”

“फॉर्म संपलेत. तुम्ही सांगा, मी लिहिते. जरा मोठ्याने, मशीन खडखडतंय.”

मागे चार माणसं होती. चारही घरांत मी पोथी उघडली होती. परत फिरावं असं वाटलं. उद्या फॉर्म येतील, असंही मनात आलं.

“गोम्बो,” मी म्हणालो. “आईचं वर्ष सापाचं. मी घोड्याचं सांगितलं. चूक माझी.”

हान्दचा हात थांबला. “पुढे?”

“तुझा हात चालत होता. बायकोचा हात धर.”

नियमाप्रमाणे तिने सगळं वाचून दाखवलं, अगदी खणखणीत. मग रांगेतली खाटकाची विधवा मुन्खू पुढे झुकली.

“आमच्या म्हाताऱ्याच्या वेळी तरी नीट पाहिलं होतंत ना, गुरुजी?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “घरी या. पुन्हा पाहू.”

“येतेच. आणि कागद नाही, सासूला घेऊन येते.”

कुणीतरी हसलं. मलाही थोडं हसू आलं.

“आणि या पाकिटाचं काय? तार तर केलीत,” हान्द म्हणाली.

“तेही पाठवा. त्याने पत्र लिहून विचारलं होतं.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट पायाजवळच्या पोत्यात टाकलं. पोतं जवळजवळ रिकामं होतं. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज मला खिडकीबाहेर ऐकू आला.