फोनवरची इशरत

फारुक बावीस वर्षं कुवेतला क्रेन चालवत होता. दोन वर्षांतून एकदा, दीड महिन्याची रजा, एवढाच तो इशरतच्या वाट्याला यायचा; बाकीचा संसार दोघांनी फोनवरच केला. गेल्या वर्षी तिकडे गाडीने उडवलं, डोक्याला मार बसला, आणि तो कायमचा गुहागरला परतला.

हातपाय शाबूत, बोलणं साफ. भाऊबंद नावानिशी ओळखले. इशरतकडे मात्र पाहत राहिला आणि म्हणाला, "ही तिच्यासारखी दिसते. पण ही ती नव्हे."

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, की चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग धड आहे, पण तिथून मायेकडे जाणारी वाट तुटलीय. बघून आत काही हलत नाही, म्हणून मेंदू ठरवतो, ही कुणी दुसरीच. वाट पुन्हा जुळेल का, ते त्यांनाही सांगता येईना.

फारुक तिच्या हातचं जेवायचा, पाहुण्यासारखे आभार मानायचा आणि संध्याकाळी एसटी यायच्या वेळेला दारात उभा राहायचा. खरी इशरत येईल म्हणून.

एकदा मासळी आणायला गेलेली असताना औषधाची आठवण करून द्यायला तिने घरी फोन लावला. पलीकडे तो रडायलाच लागला. "इशरत, कुठे आहेस गं? किती दिवस झाले."

तिला पिशवी खाली ठेवावी लागली. आवाजाची वाट वेगळी असते, ती वाचली असेल, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

मग रोज दुपारी ती पोफळींच्या बागेत जाऊन त्याला फोन करायला लागली. घरात एक बाई ठेवलीय, तो सांगायचा. वाईट नाही, पण तुझे कपडे घालते. तिच्यावर रागावू नका, इशरत म्हणायची.

एका दुपारी तिला राहवेना. बोलत बोलतच ती घरात शिरली. तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. तिने त्याला डोळे मिटायला सांगितलं, फोन ठेवला आणि त्याचा हात धरला. "आले मी."

त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला. "कधी आलीस?"

"आत्ताच."

कितीतरी वेळ तो बोलत राहिला, तिकडचा उन्हाळा, राहून गेलेलं घराचं छप्पर, तिची वाट बघणं. मग म्हणाला, बघू दे तुला. थोडं थांबा, ती म्हणाली. तो थांबला, पण किती थांबणार?

डोळे उघडल्यावर त्याने तिचा हात हलकेच सोडला आणि अदबीने विचारलं, "ती कुठे गेली?"

"उद्या फोन करते म्हणाली," इशरत म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.