फेटियाची किनार

याडीचा फेटिया तिसऱ्यांदा शिवायला घेतला तेव्हा मी जाम वैतागले होते. याडी म्हणजे आई. सासूला मीही तेच म्हणते. आमच्या बंजारा तांड्यात असा घेरदार, आरसे लावलेला फेटिया, म्हणजे घागरा, घालणारी माझी ही सासू रामीबाई आता एकटीच. पूर्वी माझा एकेक टाका तपासायची, वाकडा दिसला की उसवायला लावायची. रागच यायचा मला. पण वर्षभरात ती शिवण विसरली, माझं नाव विसरली, कपड्यांतच लघवी होऊ लागली. एका डॉक्टरांनी खुर्चीत बसवूनच तपासलं आणि स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या दिल्या.

"वय झालं तिचं. कायले दवाखान्याच्या चकरा मारून राह्यली?" असं म्हणून माझा नवरा इंद्रजीत मोकळा झाला.

सुई ओवली आणि थबकले. झिजली होती ती फक्त पुढची किनार. मी घेर वर धरून याडीला चालवलं. बाई पाय उचलतच नव्हती! डिंकाने चिकटल्यासारखे ते फरशीवर घासत होते. एवढ्या घेराखाली कुणाला दिसलंच नव्हतं. स्वतःचीच चीड आली.

तिला घेऊन यवतमाळला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चाल पाहिली, मेंदूचा फोटो काढला.

"मेंदूत पाणी साठलंय. पाठीतून थोडं काढून बघू. चाल सुधारली तर ऑपरेशनचा उपयोग होईल. नाही सुधारली, तर..."

व्हरांड्यात दहा फुटांना तिला एकवीस पावलं लागली. मग पाणी काढलं. बसल्या बसल्या मी किनारीला कसंबसं ठिगळ लावलं. तीन तासांनी तिला उभं केलं. मागाहून आलेला इंद्रजीत भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी घेर वर धरला.

पाय हलेना.

"याडी, चाल ना वं."

मग तिने उजवा पाय उचलला. खरंच उचलला, फरशी सोडून. मग डावा. डॉक्टरीणबाई तेवढ्याच दहा फुटांची पावलं मोजत होत्या. अकरा.

मी रडतच होते. याडीने माझ्या हातातून घेर ओढून घेतला, ठिगळ डोळ्यांजवळ नेलं.

"हा टाका कोनं मारला? उज्ज्वला, तुले कितीदा सांगतलं? उसव हे सारं."

"उसवतो, याडी," मी म्हटलं. "सारं उसवतो."